रश, रिओ आणि चाळीस हजार गळे: हे लाइव्ह रेकॉर्डिंग चांगलं म्हणायचं का?

नादखुळा_सांगली | शनि, रात्री १०:१२

मंडळी,

आम्ही काही जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि एकच रेकॉर्डिंग सलग ऐकतो. मोबाइल बाहेरच्या खोलीत, मधे बोलायचं नाही. आजवर सगळं शास्त्रीयच झालं. पुढची पाळी माझी आहे आणि मी 'रश इन रिओ' लावायचं ठरवलंय. प्रोग्रेसिव्ह रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक, थोडक्यात 'प्रोग') कशाशी खातात हे माहीत नसलेले सात-आठ जण समोर, त्यातले दोन पेन्शनर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रश हा टोरांटोचा तिघांचा बँड. गेडी ली (बास, कीबोर्ड आणि गाणं, तेही एकाच वेळी), अ‍ॅलेक्स लाइफसन (गिटार) आणि नील पर्ट (ड्रम्स, शिवाय बहुतेक गाण्यांचे शब्दही त्याचेच). बँडची सुरुवात १९६८ ची, पर्ट आला १९७४ मध्ये. हा कार्यक्रम २३ नोव्हेंबर २००२ चा, रिओच्या माराकाना स्टेडियममधला, दौऱ्याचा शेवटचा दिवस. पुढच्या वर्षी तीन सीडी आणि डीव्हीडी निघाली.

माझ्या मित्राचं म्हणणं असं की यात बँड कमी आणि पब्लिक जास्त ऐकू येतं. त्यापेक्षा १९८१ चं 'एक्झिट... स्टेज लेफ्ट' लाव, स्वच्छ आहे. मला मात्र रिओच हवंय. जाणकारांनी निवाडा करावा. लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये श्रोता किती ऐकू यावा?

---

बाल्कनीतला_प्रेक्षक | शनि, रात्री १०:२०

पहिला! धागा रंगणार. शेंगदाणे घेऊन बसतोय.

---

स्वच्छसूर | शनि, रात्री १०:४१

तुमचा मित्र शंभर टक्के बरोबर आहे. मी रिओची सीडी घेतली तेव्हा आधी वाटलं माझे स्पीकर गेले. झांजा आणि शिट्ट्या एकमेकांत मिसळलेल्या, बास गढूळ, आणि प्रत्येक ओळीवर चाळीस हजार लोकांचं समूहगान. ते लोक मैदानात तिकीट काढून गेले होते, त्यांनी गावं. मी सीडी घेतली ती गेडी लीला ऐकायला.

किंग क्रिमसन या ब्रिटिश बँडने काय केलं बघा. १९७४ च्या 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक'चा बराचसा भाग मैफिलीतच रेकॉर्ड केलेला आहे. टाळ्या काढून टाकल्या आणि स्टुडिओ अल्बम म्हणून बाहेर आणला. कित्येकांना वर्षानुवर्षं पत्ताही नव्हता. लाइव्हची धग हवी तर ती वाजवण्यात असते, आरडाओरड्यात नसते.

---

तिरकीट | शनि, रात्री ११:०५

@स्वच्छसूर, मग पिंक फ्लॉइडने पाँपेईच्या ओसाड रंगमंडलात एकही प्रेक्षक नसताना वाजवलं, तेच आदर्श म्हणायचं का? :)

संगीत नाटकांच्या जुन्या रेकॉर्डिंगमधून वन्समोअर कापून टाका बरं. उरेल काय? खासगी मैफिलींच्या टेपवर समेला जी "वाऽ" ऐकू येते, तिच्यावरून कळतं की गवयाने पुढची तान का घेतली. श्रोता गाण्याचा भाग असतो.

---

स्वच्छसूर | शनि, रात्री ११:१३

"वाऽ" समेला येते. रिओत ती बाराही मात्रांना येते. फरक आहे.

---

धोंडो_डेसिबल | रवि, सकाळी ८:३०

लाइव्ह साउंड हा माझा पोटापाण्याचा धंदा, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट. आदल्या रात्री बँड साओ पाउलोत होता. तिथे साठ हजार लोक, धो धो पाऊस. तिथून रिओ सव्वाचारशे किलोमीटरच्या वर. सामानाचे ट्रक उशिरा पोचले. स्टेज उभारेपर्यंत दरवाजे उघडायची वेळ टळून गेली होती. साउंडचेक झालाच नाही. नुसत्या लाइनी तपासल्या आणि सुरू. कॅमेरेवाल्यांचीही तीच गत. दौऱ्यात चित्रण झालं ते याच एका रात्री, त्यामुळे एखादं गाणं बिघडलं तर दुसऱ्या शहरातलं जोडून द्यायची सोय नव्हती.

दुसरी गोष्ट, ही धंद्यातली. मैदानात तुम्ही गायकाच्या तोंडासमोर माइक ठेवता तेव्हा त्यात फक्त गायक येत नाही. मागचे ड्रम्स येतात, मॉनिटर (वादकांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेला स्पीकर) येतो आणि एवढी गर्दी असेल तर गर्दीही येते. ती नंतर काढता येत नाही. शिवाय प्रेक्षकांसाठी वेगळे माइक लावलेले असतात. शंभर मीटरवरचा माणूस ऐकतो आणि ओरडतो तोवर आवाजाला तिकडे पोचायलाच साधारण ०.३ सेकंद लागलेले असतात, परत यायला तितकेच. म्हणजे मागच्या रांगेचं गाणं स्टेजवरच्या गाण्याच्या अर्धा-पाऊण सेकंद मागे. ते ट्रॅक ओढून जागेवर आणावे लागतात. आणले नाहीत तर खिचडी होते आणि फार नेमके आणले तर खोटं वाटतं.

मिक्स अ‍ॅलेक्स लाइफसन आणि जिंबो बार्टन या दोघांनी केलंय (मिक्स म्हणजे वेगवेगळे ट्रॅक कमी-जास्त करून एकत्र आणणं). गिटारवाल्याने मिक्स केलं म्हणून गिटार वर आहे असं म्हणायला जागा आहे, पण गर्दी वर ठेवणं हा मला विचारपूर्वक घेतलेला निर्णय वाटतो. त्यांना ते दाबणं जड नव्हतं. दाबलं असतं तर बास आणि ड्रम्सचे कच्चे दुवे उघडे पडले असते, हेही खरं.

थोडक्यात @स्वच्छसूर यांची तक्रार रास्त, निदान चुकलं.

---

माई_मुलुंड | रवि, सकाळी ९:०२

डेसिबलभाऊ, दंडवत. मला गाण्यातलं काही कळत नाही पण ०.३ सेकंदाचं वाचून आमच्या सोसायटीच्या आरतीत मागची फळी नेहमी एक शब्द मागे का असते याचा उलगडा झाला.

---

बाल्कनीतला_प्रेक्षक | रवि, सकाळी ९:०८

माई, हॉल वीस फुटांचा आहे. ते वेगळ्या कारणाने मागे असतात. ;)

---

विली_नावाचा_वल्ली | रवि, सकाळी ११:४७

इथे सगळे मिक्सवर बोलताहेत आणि त्या रात्रीचा मुद्दाच कुणी काढला नाही.

१९९७ च्या ऑगस्टमध्ये नील पर्टची एकोणीस वर्षांची मुलगी अपघातात गेली. दहा महिन्यांत बायको कर्करोगाने गेली. त्याने मित्रांना सांगितलं की मला निवृत्त समजा, आणि मोटरसायकल काढून निघाला. ५५ हजार मैल, म्हणजे जवळपास ८८ हजार किलोमीटर फिरला. बाकीच्या दोघांनी त्याच्या जागी कुणाला घेतलं नाही की घाई केली नाही. मग २००२ मध्ये 'व्हेपर ट्रेल्स' हा अल्बम आला आणि हा दौरा. रिओ त्याची शेवटची रात्र.

आणि ब्राझील! इतक्या वर्षांत बँड तिथे कधी गेलाच नव्हता. पोर्तु अलेग्री, साओ पाउलो आणि रिओ, तीनच कार्यक्रम. तिकडे एका अमेरिकन टीव्ही मालिकेच्या सुरुवातीला मूळ संगीत काढून 'टॉम सॉयर' वाजवायचे. त्यामुळे ज्यांनी आयुष्यात रशची रेकॉर्ड पाहिली नाही अशा घरांतल्या पोरांनाही ते गाणं तोंडपाठ. कार्यक्रमाची सुरुवात त्याच गाण्याने होते. पहिला सूर लागल्यावर जो आवाज उठतो तो ऐका आणि मग सांगा की तो कमी करायला हवा होता.

---

स्वच्छसूर | रवि, दुपारी १२:१५

विली, पर्टबद्दल आदर आहेच. पण माणसाच्या दुःखामुळे मिक्स सुधारत नाही. कॅसेटमागची गोष्ट हृदयद्रावक असली की कॅसेट चांगली, हा आपल्याकडचा जुना रोग आहे.

---

विली_नावाचा_वल्ली | रवि, दुपारी १२:३१

मान्य, गोष्टीने मिक्स सुधारत नाही. मग नुसतं वाजवणं ऐका. 'व्हेपर ट्रेल्स'चा स्टुडिओ अल्बम इतका चढवून मास्टर केला होता की सलग ऐकवत नाही, सगळं एकाच पातळीवर फाटलेलं. २०१३ मध्ये डेव्हिड बॉट्रिलकडून नव्याने मिक्स करून पुन्हा काढावा लागला. मधली दहा वर्षं 'अर्थशाइन', 'सीक्रेट टच', 'घोस्ट रायडर' ही गाणी श्वास घेताना ऐकायची तर रिओशिवाय फारशी जागाच नव्हती. तुम्ही ज्याला गढूळ म्हणता ते त्या काळात आम्हाला स्वच्छ वाटायचं!

---

स्वच्छसूर | रवि, दुपारी १२:४०

हा मुद्दा घेतला. या तीन गाण्यांपुरता.

---

तिरकीट | रवि, दुपारी ३:२२

सांगलीकर, तुमच्या शास्त्रीयवाल्यांना पकडायचं असेल तर 'वायवायझेड' लावा. शब्द नाहीत, अडचण नाही. वायवायझेड हा टोरांटोच्या पिअर्सन विमानतळाचा संकेत. तो मोर्स कोडमध्ये ठोकला की सुरुवातीची लय तयार होते. लांब ठोक्याला दोन मात्रा धरा, आखूडला एक.

वाय: लांब, आखूड, लांब, लांब. २+१+२+२ = ७.
पुन्हा वाय: ७.
झेड: लांब, लांब, आखूड, आखूड. २+२+१+१ = ६.

झाल्या वीस. सात, सात, सहा. हातावर टाळी देऊन बघा, दुसऱ्या आवर्तनाला अंगात भिनतं. समोर तबला शिकलेला कुणी असेल तर तो उरलेली संध्याकाळ हेच मोजत बसेल याची हमी माझी.

मजा अशी की रिओत लोक हेही गातात. ज्या चिजेला शब्दच नाहीत ती चाळीस हजार लोक गिटारच्या सुरांवर "ओ ओ" करत गातात आणि उड्या मारतात. डीव्हीडीत मैदान अक्षरशः वरखाली होताना दिसतं.

---

माई_मुलुंड | रवि, दुपारी ३:५०

पोळ्या लाटता लाटता मोजून पाहिलं. तिसऱ्या सातला पोळी फाटली.

---

तिरकीट | रवि, दुपारी ३:५४

माई, तिसरा सहाचा आहे. म्हणूनच फाटली.

---

दादर_टीटी | रवि, संध्या. ६:१०

भाबडा प्रश्न: स्टेजवर मागे कपडे सुकवायची यंत्रं आहेत ती कशासाठी? मुलाने तूनळीवर (यूट्यूब) लावलं होतं, मला वाटलं जाहिरात आहे.

---

धोंडो_डेसिबल | रवि, संध्या. ६:३५

@दादर_टीटी, गेडी लीने बाससाठी स्टेजवर अ‍ॅम्प्लिफायर ठेवणं बंद केलं, आवाज थेट मिक्सरला. लाइफसनच्या बाजूला अ‍ॅम्पची भिंत आणि याच्या बाजूला मोकळी जमीन, ते बरं दिसेना. म्हणून तीन ड्रायर आणून उभे केले. आत खरोखर कपडे फिरत असतात. पुढच्या दौऱ्यांत कोंबड्या भाजायच्या भट्ट्या आल्या. रशच्या विनोदाची जात ही अशी. 'ला व्हिया स्ट्रँजियाटो' या रचनेच्या मधे लाइफसन जी असंबद्ध बडबड करतो तीही त्यातलीच. प्रोगवाले फार गंभीर असतात अशी ज्यांची समजूत आहे त्यांना तेवढा तुकडा आवर्जून दाखवावा.

---

टोरांटोकर_७४ | सोम, पहाटे ४:४८

घरचा विषय निघाला म्हणून खाते उघडून लिहितोय, एरवी वाचनमात्र असतो.

मी रिओत नव्हतो, पण २०१५ च्या जूनमध्ये इथल्या एअर कॅनडा सेंटरला होतो. 'आर४० लाइव्ह' तिथेच रेकॉर्ड झालं, १७ आणि १९ जून. म्हणजे माझा आवाज एका रशच्या रेकॉर्डवर आहे, बायको मानत नाही हा भाग वेगळा. त्या दौऱ्यात गाणी उलट्या क्रमाने होती. नवीनपासून सुरुवात आणि मागे मागे जात शेवटी १९७४ च्या पहिल्या रेकॉर्डमधलं 'वर्किंग मॅन'. लाल कपड्यांतली माणसं चालू कार्यक्रमात स्टेज सोडवून नेत होती. शेवटी शाळेच्या जिमखान्यासारखा देखावा आणि खुर्च्यांवर ठेवलेले छोटे अ‍ॅम्प.

आता तुलना. 'आर४०'चा आवाज रिओपेक्षा कितीतरी नीट आहे. पण आम्ही टोरांटोचे लोक अदबीने ओरडतो. टाळी, शिट्टी, मग बसतो. घरच्या बँडला चाळीस वर्षं पाहिलेली माणसं आम्ही. रिओच्या लोकांनी पहिल्यांदा पाहिला, पुन्हा दिसेल याची खात्री नव्हती, आणि तो बँड खरंच तिकडे जेमतेमच गेला. ते रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. पर्ट २०२० च्या ७ जानेवारीला गेला. तेव्हापासून मी 'आर४०' काढत नाही, रिओ मात्र लावतो.

---

विली_नावाचा_वल्ली | सोम, सकाळी ७:१५

टोरांटोकर, लिहिते व्हा. आणि २०२६ च्या दौऱ्याला जाणार का? ली आणि लाइफसन अनिका निलेसला ड्रम्सवर घेऊन निघताहेत, हे ऑक्टोबर २०२५ ला जाहीर झाल्यापासून आमच्या कायप्पा (व्हॉट्सॲप) गटात दोन तट पडलेत.

---

टोरांटोकर_७४ | सोम, सकाळी ७:२२

तिकिटाचा आकडा पाहून आमच्या घरातही दोन तट पडले. एका तटात मी एकटा आहे.

---

चौकस_चिंतामणी | सोम, सकाळी १०:००

धागा वर काढतोय. रश म्हणजे मोटारींच्या शर्यतीचा तो सिनेमा ना? बरा होता.

---

बाल्कनीतला_प्रेक्षक | सोम, सकाळी १०:०३

चिंतामणराव, धागा वाचून प्रतिसाद द्यायची प्रथा मोडीत काढल्याबद्दल अभिनंदन. हलके घ्या.

---

कोरस_वाला | सोम, दुपारी १:३०

'एक्झिट... स्टेज लेफ्ट'ची आरती ओवाळणाऱ्यांना एक आठवण. त्या रेकॉर्डवर 'क्लोजर टू द हार्ट' हे गाणं आहे, ग्लासगोच्या कार्यक्रमातलं. श्रोते इतके खणखणीत गातात की बँडने वेष्टनावर ग्लासगोकरांना सहगायनाचं श्रेय दिलंय. म्हणजे तुमच्या त्या धुतल्या तांदळासारख्या अल्बममध्येही सगळ्यात लक्षात राहणारी जागा श्रोत्यांचीच आहे.

तेच गाणं रिओतही आहे. दौऱ्याच्या यादीत नव्हतं. ब्राझीलमध्ये ते फार लाडकं म्हणून तिकडे घेतलं. एकवीस-बावीस वर्षांच्या अंतराने एकच गाणं, दोन गर्दी. एकापाठोपाठ एक लावा.

---

स्वच्छसूर | सोम, दुपारी २:०५

ग्लासगोकर सुरात गातात आणि जिथे गायचं तिथेच गातात. माझा मुद्दा उलट पक्काच होतोय.

---

कोरस_वाला | सोम, दुपारी २:०९

आता हरलो म्हणायचं की कपाळावर हात मारायचा.

---

सातवी_मात्रा | सोम, रात्री ९:१८

ड्रम्सच्या एकट्या तुकड्याबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? रिओतल्या त्या वादनाला ग्रॅमीचं नामांकन होतं. पर्टने चाळिशी ओलांडल्यावर, जगात नाव झालेलं असताना, फ्रेडी ग्रूबर या जुन्या जॅझ गुरूकडे जाऊन पुन्हा पहिल्यापासून धडे घेतले. डाव्या हाताची काठी धरायची पद्धतही बदलली. मी पखवाज वाजवतो. पंचवीस वर्षं बसलेला हात मोडून पुन्हा बसवणं काय असतं ते मला विचारा. गुरुजींनी माझी एका बोटाची जागा बदलायला लावली होती, तेव्हा मी काही महिने तोंड लपवून फिरत होतो.

वादनाची बांधणी बघा. मधे अख्खा संच गोल फिरतो, मागे लावलेला इलेक्ट्रॉनिक संच पुढे येतो, आणि शेवट होतो काउंट बेसी या जॅझवाल्याच्या बिग बँडच्या चालीवर. रॉकच्या मैदानात चाळीस हजार पोरं १९३० च्या दशकातल्या स्विंगवर डोलताहेत. तबल्यातल्या पेशकार, कायदा, रेला या चढणीची सवय असलेल्या माणसाला हे परकं वाटणार नाही. आणि इथे गर्दी गप्प असते हो स्वच्छसूर! नीट ऐका. अवघड जागी सगळे श्वास धरतात आणि तो तुकडा संपल्यावर फुटतात.

---

स्वच्छसूर | सोम, रात्री ९:४०

ऐकलं आत्ता. गप्प नाहीत, पण कमी आहेत. एवढं देतो.

---

नादखुळा_सांगली | मंगळ, रात्री १०:५०

सगळ्यांचे आभार, एवढ्याची अपेक्षा नव्हती. अख्खे तीन तास लावत नाही, पेन्शनरांची शेवटची बस असते. यादी अशी ठरतेय:

वायवायझेड (तिरकीट आधी टाळ्या देऊन मोजून दाखवणार, आमंत्रण दिलंय), मग अर्थशाइन, मग 'रेझिस्ट', कारण त्यात फक्त ली आणि लाइफसन, दोन गिटारी आणि मैदानभर शांतता. त्यानंतर ड्रम्स. शेवटी क्लोजर टू द हार्ट, आधी ग्लासगो, मग रिओ.

एक शंका. गर्दी नसती तर हेच वाजवणं कसं वाटलं असतं, हे दाखवायला काही आहे का? त्याच दौऱ्यातलं?

---

धोंडो_डेसिबल | मंगळ, रात्री ११:०६

आहे, आणि तुमच्याकडेच आहे. तिसऱ्या सीडीची शेवटची दोन गाणी, 'बिट्वीन सन अँड मून' आणि 'व्हायटल साइन्स', रिओची नाहीतच. एक फिनिक्सचं, एक क्वेबेकचं, त्याच दौऱ्यातली. थेट मिक्सरवरून उचललेली, गर्दी नावापुरती. बास, ड्रम्स, गळा, सगळं समोर कोरडं ठाक. रिओचं 'वर्किंग मॅन' संपल्यावर सीडी थांबवू नका, पुढे जाऊ द्या. बोलायचं काही उरणार नाही, ज्याला जे आवडायचं ते तिथेच कळेल.

फक्त आवाज वाढवू नका मधे. कोरडं रेकॉर्डिंग नेहमी हळू वाटतं, म्हणून लोक बटण फिरवतात आणि तुलना बिघडते.

---

स्वच्छसूर | मंगळ, रात्री ११:३०

ती दोन गाणी मी नेहमी ऐकतो. तीन सीडींतली माझी सगळ्यात आवडती तीच आहेत, आणि माझं मत इंचभरही हललेलं नाही.

सांगलीत मी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कामासाठी येतो. पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवा. त्या दोन गाण्यांच्या वेळी बटणापाशी मी बसेन.